डब्यातली सोबत



शाळेला निघताना दप्तरात डबा ठेवता, तेव्हा त्यात काय आहे हे तुम्हाला ठाऊक असते का? पुष्कळांना नसते. मधल्या सुटीत झाकण उघडले की कळते. कोणती वही न्यायची, कंपासपेटी कोठे आहे, हे आपण पाहतो. डबा मात्र आई भरते आणि आपण उचलतो. माझे म्हणणे असे की, डब्यात काय असावे हे ठरवण्याचे काम मुलांनीच शिकले पाहिजे, आणि तेही तिसरी-चौथीपासून. तुम्ही सातवी-आठवीत असाल तर ते आधी स्वतः शिका आणि मग घरातल्या धाकट्या भावंडांना शिकवा. मोठ्या माणसांचे बोलणे जिथे कानावरून जाते, तिथे ताईचे किंवा दादाचे बोलणे पटते, असा अनुभव आहे.

हा विषय शाळेत शिकवत नाहीत असे नाही. वर्गाच्या भिंतीवर समतोल आहाराचा रंगीत तक्ता टांगलेला असतो. त्यात लालभडक सफरचंद, चीजचा तुकडा, पावाचे काप अशी चित्रे असतात. नांदेड जिल्ह्यातल्या उमरीचा एखादा मुलगा तो तक्ता पाहतो आणि मनाशी ठरवतो की, समतोल आहार म्हणजे आपल्या घरी नसलेला आहार! एका तक्त्याने ह्याहून अधिक नुकसान ते काय करायचे? त्याच्या घरात ज्वारी असते, तुरीची डाळ असते, शेंगदाणे, तीळ, जवस असतात. तेलंगणाची सीमा जवळ असल्यामुळे त्या मुलखात अंबाडीची भाजी आवडीने खातात. परसात शेवगा असतो. पण ह्यांतले एकही चित्र तक्त्यावर नाही.

काही शाळांतून 'आदर्श डबा' अशी स्पर्धा होते. गाजराची फुले, काकडीची बोट, मधोमध टोमॅटोचा कंदील. बक्षीस मुलाला मिळते आणि पहाटे चारला उठलेली असते आई. ह्यात मूल काय शिकले, हे मला अद्याप समजलेले नाही.

मग समतोल म्हणजे काय समजावे? मला 'सोबत' हा साधा शब्द अधिक उपयोगाचा वाटतो. कोणताही एक पदार्थ आपल्याला लागणारे सगळे देत नाही. एकाचे उणे दुसरा भरून काढतो. कोणाला कोणाची सोबत द्यायची, एवढे कळले की डबा ठरवता येतो.

ज्वारीचेच पाहा. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे ती काही दुबळी नव्हे. पण प्रथिने बनतात अमिनो आम्लांची. शरीर आपली प्रथिने बांधते ते काम दाराला लावायच्या तोरणासारखे आहे. झेंडू, आंब्याचे पान, शेवंती अशा ठराविक क्रमाने आपण तोरण ओवतो. शेवंती संपली की झेंडूची टोपली भरलेली असली तरी ओवणे थांबते. ज्वारीत लायसिन नावाचे अमिनो आम्ल कमी असते. ते डाळींत भरपूर असते. उलट डाळींत मेथिओनिन कमी पडते, ते ज्वारीत आणि तिळात मिळते. म्हणून भाकरीला वरणाची सोबत! आपल्या आजी-पणजींना लायसिन ठाऊक नव्हते, पण जोडी मात्र त्यांनी बरोबर जमवली होती. ही जोडी एकाच घासात पडली पाहिजे असे नाही. त्याच दिवसाच्या जेवणात आली तरी चालते.

सोबत तुटली तर काय होते, ह्याचा एक जुना धडा आपल्याच भागातला आहे. मराठवाडा १९५६ सालापर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्या काळी दख्खनच्या पठारावरच्या गरीब लोकांत पेलाग्रा नावाचा रोग आढळत असे. ऊन लागते त्या जागी, हातांवर, मानेभोवती कातडी काळी आणि खरखरीत होते, हगवण लागते, मनही भ्रमते. रोग नायसिन ह्या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा. अमेरिकेत तो मका खाणाऱ्यांना होई, इथे ज्वारी खाणाऱ्यांना होताना दिसला. हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेतले डॉ. सी. गोपालन आणि त्यांचे सहकारी ह्यांनी त्याचा कसून अभ्यास केला. ज्वारीत ल्युसिन हे अमिनो आम्ल प्रमाणाबाहेर असते आणि ते शरीरातल्या नायसिनच्या कामात अडथळा आणते, असे त्यांनी १९६० साली मांडले. ह्या कारणमीमांसेवर पुढे वैज्ञानिकांत बरीच चर्चा झाली. पण एक गोष्ट वादातीत होती. रोगी असत ते जवळपास नुसत्या भाकरीवर जगणारे. डाळ, दूध, शेंगदाणे पोटात जाणारा शेतकरी तीच ज्वारी खाऊन धडधाकट होता. दोष ज्वारीच्या माथी मारू नका. दोष तिला एकटी सोडल्याचा होता.

आज पेलाग्रा क्वचितच दिसतो. आजचा प्रश्न आहे लोहाचा. २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळले की, आपल्या देशात १५ ते १९ वर्षांच्या दर १०० मुलींमागे ५९ मुलींना रक्तक्षय आहे. शंभरातल्या एकोणसाठ! वर्गातल्या आपल्या मैत्रिणी मोजून पाहा, म्हणजे हा आकडा केवढा आहे ते कळेल. जिना चढताना धाप लागते, दुपारच्या तासाला डोळे मिटतात आणि आपण म्हणतो, 'ही आळशी आहे'. कारणे अनेक आहेत, पण जेवण हे त्यांतले मोठे.

लोहाची गंमत अशी की ते नुसते ताटात असून भागत नाही, रक्तात पोचावे लागते. धान्य, डाळी, पालेभाज्या ह्यांतले लोह शरीर फार थोडे शोषून घेते. त्याच जेवणात 'क' जीवनसत्त्व असले तर शोषण चांगले वाढते. लिंबाची फोड, पेरू, आवळा ह्यांचे डब्यातले काम हे आहे. येथे मात्र सोबत त्याच जेवणात हवी. सकाळी पेरू आणि रात्री भाजी असे चालत नाही. ह्याउलट चहातील टॅनिन लोहाला अडवून धरते. चहात भाकरी बुडवून खायची आणि शाळेत पळायचे, ही आपल्याकडची सर्रास सवय. जेवण आणि चहा ह्यांत तासभर अंतर ठेवले तरी पुष्कळ.

आता धाकट्या बहिणीला हे कसे सांगायचे? लायसिन आणि टॅनिन तिला नकोत. जपानी शाळांत एक सोपी युक्ती वापरतात. तिथे शाळेतल्या जेवणाचा कायदा १९५४ साली झाला, आणि २००५ साली आहारशिक्षणाचा स्वतंत्र कायदाही केला. वर्गात जेवण मुलेच वाढतात आणि ताटातले पदार्थ तीन रंगांत मांडायला शिकतात. बळ देणारे ते पिवळे, शरीर बांधणारे ते तांबडे, शरीराचे काम सुरळीत ठेवणारे ते हिरवे. आपण हीच युक्ती आपल्या पदार्थांना लावू. ज्वारी, गहू, तांदूळ, तेल, गूळ पिवळ्यात. डाळी, शेंगदाणे, दूध, दही, अंडी, मटण-मासे तांबड्यात. भाज्या आणि फळे हिरव्यात.

रंगीत खडूने अंगणात तीन गोल काढा आणि उद्याचा डबा तिलाच मांडायला सांगा. धपाटे म्हटले तर ती ज्वारीचे पीठ पिवळ्यात ठेवील, बेसन तांबड्यात, मेथी-कोथिंबीर हिरव्यात. वर दही घेतले तर काही उरतच नाही. सुशीला म्हटले तर मुरमुरे पिवळ्यात आणि शेंगदाणे तांबड्यात. हिरव्यात चिमूटभर कोथिंबीर. मग तीच विचारील, 'पेरू नेऊ का?' पोळी आणि बटाट्याची भाजी ह्या डब्याला मात्र हमखास गफलत होते. भाजी म्हणून बटाटा हिरव्या गोलात जातो! त्याला उचलून पिवळ्यात ठेवा आणि दोन गोल रिकामे कसे राहिले ते तिला पाहू द्या. ह्या एका फसगतीने ती जेवढे शिकेल तेवढे दहा तक्त्यांनी शिकणार नाही.

तुम्ही मोठे आहात, तेव्हा तुमच्यासाठी थोडे गणित. सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना दुपारचे जेवण मिळते. १९९५ साली ही योजना देशभर सुरू झाली. शिजवलेले अन्नच द्यावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दिला. सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी आणि साडेसात ग्रॅम तेल असे प्रमाण ठरलेले आहे. त्यातून ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी अपेक्षा. पडताळून पाहू. तांदळात शंभरमागे सात-आठ ग्रॅम प्रथिने, म्हणजे १५० ग्रॅमला साधारण साडेअकरा. तुरीच्या डाळीत शंभरमागे सुमारे २२, म्हणजे ३० ग्रॅमला साडेसहा. बेरीज अठरा, आणि उरलेले भाजीतून कसेबसे. तांदळाच्या जागी ज्वारी धरली तर पंधरा आणि साडेसहा, म्हणजे भाजीआधीच वीस ओलांडले!

पण कागदावरची डाळ पातेल्यात पडली तरच हे गणित खरे. खिचडीत डाळ शोधावी लागत असेल, तर तुम्ही घरून न्यायच्या डब्यात तिची भरपाई हवी. दाण्याची चटणी, मोडाची मटकी, तिळाचा लाडू. म्हणून खिचडी मिळणाऱ्या मुलाने घरूनही भात नेणे मला पटत नाही. नववीत गेल्यावर तर हे जेवण थांबते, आणि वाढीच्या ऐन वयात सगळा भार डब्यावर येतो.

काहींच्या हातावर डब्याऐवजी पाच रुपये ठेवले जातात आणि त्याचे कुरकुरीत पाकीट येते. मी ते चोरून खाऊ नका असे सांगणार नाही. फक्त पाकिटावरचे वजन वाचा. समजा दहा ग्रॅम असेल, तर किलोचा भाव झाला पाचशे रुपये. मग घरी शेंगदाण्याचा भाव विचारा.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलली पाहिजे. ज्या घरात डाळच आणता येत नाही, तिथे तीन गोल काढून पोट भरत नाही. तिथे मजुरी आणि शाळेचे जेवण हेच उत्तर आहे. म्हणून शेजारच्याच्या डब्यात डोकावून 'तुझा तांबडा गोल रिकामा' असे म्हणायचे नाही. आपला वाटून घ्यायचा.

आणि ज्यांच्या शेतात सोयाबीन आहे त्यांच्यासाठी एक प्रयोग. गेल्या काही दशकांत नांदेड-लातूरच्या शिवारात खरिपाच्या ज्वारीची जागा बरीचशी सोयाबीनने घेतली. त्यात शंभरमागे ३५ ते ४० ग्रॅम प्रथिने असतात, डाळीच्या जवळजवळ दुप्पट. पण ते पोत्यात भरून सरळ आडतीवर जाते, ताटात येत नाही. कच्चे सोयाबीन खाऊ नये, कारण त्यातला एक घटक प्रथिनांच्या पचनात आडवा येतो. नीट उष्णता दिली की तो निकामी होतो. म्हणून सोयाबीन निवडून खरपूस भाजा, दहा वाटी ज्वारीला एक वाटी असे दळणात घाला आणि त्या पिठाची भाकरी थापून पाहा. पुढच्या दळणाला दीड वाटी घाला, मग दोन. कितव्या वाटीला भाकरी थापताना कडा फुटू लागतात आणि कितव्या वाटीला धाकटी बहीण 'वास येतो' म्हणून तोंड फिरवते, हे वहीत लिहून ठेवा.