कीटकांच्या ताणाची नोंद होते, संगोपकाच्या ताणाची कधी?

म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्थेने मराठवाड्याला व्ही-1 तुती दिली, सीएसआर मालिकेतील संकर वाण दिले आणि त्यांबरोबर मोजमापाची शिस्तही दिली. बाल्यावस्थेत 27 ते 28 अंश तापमान, प्रौढावस्थेत 24 ते 25 अंश व सुमारे 70 टक्के आर्द्रता, हे आकडे बीड-जालन्याच्या संगोपकाला आज तोंडपाठ असतात. तापमान वरखाली झाले किंवा पाला निकृष्ट मिळाला की कीटकांची प्रतिकारशक्ती खालावते आणि फ्लॅचरी बळावते, हेही तो जाणतो. जंतू आधीपासूनच आसपास असतात. ताण त्यांना वाट करून देतो.

माणसाच्या देहाचे गणित याहून फार निराळे नाही. संकटाच्या क्षणी ॲड्रेनलिन व कॉर्टिसोल स्रवतात, नाडी वेगावते, रक्तात साखर उतरते. घटकाभर हे उपकारकच असते. तीच अवस्था आठवडेच्या आठवडे टिकली, तर झोप मोडते, पचन बिघडते, रक्तदाब चढतो आणि मधुमेही शेतकऱ्याची साखर औषधानेही आटोक्यात राहत नाही.

रेशीम शेतीत हा काळ दर पिकाला येतो. एकूण पाल्यापैकी चार-पंचमांशाहून अधिक पाला कीटक पाचव्या अवस्थेत खातात. त्या आठवड्यात घरातील कोणाचीच झोप पुरी होत नाही. पुढे कोष गाडीत भरून रामनगरपर्यंतचा प्रवास, आणि लिलाव होईपर्यंत भाव अज्ञात. अंडीपुंजांचे आणि मजुरीचे पैसे मात्र आधीच गेलेले असतात.

यावर ‘प्राणायाम करावा’ एवढाच सल्ला दिला जातो. 1930 च्या दशकात जगन्मोहन राजवाड्यात कृष्णमाचार्यांची योगशाळा ज्या नगरीत चालली, तेथे योगाला उणे कोण लेखील? परंतु तीन रात्री न झोपलेल्या माणसाला आधी झोप हवी. चॉकी केंद्रातून बालकीटक घेतले तर आठ-दहा दिवसांची जोखमीची देखभाल टळते. फांदी पद्धतीने खाद्य दिल्यास मजुरी वाचते. घरच्या मनुष्यबळाला झेपतील तेवढेच अंडीपुंज घेतले तर रात्रपाळ्या वाटून घेता येतात. ताण-व्यवस्थापनाचे हे उपाय विस्तार कार्यकर्त्याच्या अधिकारक्षेत्रातलेच आहेत.

कार्यकर्ता डॉक्टर नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. मात्र अमरावती जिल्ह्यातील 30 खेड्यांत राबविलेल्या ‘विश्राम’ कार्यक्रमात गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्ते व प्रशिक्षित समुपदेशक यांच्यावरच मोठी भिस्त होती. नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण त्या काळात सुमारे 4 टक्क्यांवरून 27 टक्क्यांवर गेल्याचे निष्कर्ष 2017 मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त प्रसिद्ध झाले. निदान त्यांनी करावे अशी अपेक्षा नव्हती. विचारपूस करणे आणि योग्य ठिकाणी पाठविणे त्यांना जमले.

रेशीम कार्यकर्ता तर शेतकऱ्याच्या दारी डॉक्टरपेक्षा अधिक वेळा जातो. तो रॅक पाहतो, आर्द्रतामापक पाहतो आणि परततो. दोष त्याचा नाही. त्याच्या तक्त्यात माणसासाठी रकानाच नाही. ‘रात्री किती तास झोप होते?’ हा प्रश्न कोणालाही न दुखावता विचारता येतो. झोप व भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ हरपली असेल, कामावरून मन उडाले असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. टेलिमानसचा 14416 हा विनामूल्य क्रमांक अहोरात्र उपलब्ध आहे. जगणे नकोसे झाल्याचे कोणी बोलला, तर दोन आठवडे थांबू नये. त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी मदत मिळवावी.

म्हैसूरच्या प्रशिक्षणवर्गांत निर्जंतुकीकरणाच्या पाठाशेजारी या विषयाचा एक तास आणि संगोपन नोंदवहीत तापमान-आर्द्रतेशेजारी झोपेच्या तासांचा एक रकाना, एवढी भर पुढील हंगामापूर्वी घालता येण्याजोगी आहे.