नमुना यंत्रांची तरतूद

दिनांक ५ डिसेंबर २०२२ रोजी कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९२ लेसर शलाकांनी सुमारे दोन मिलिमीटर व्यासाच्या इंधनगोळीच्या दिशेने २.०५ मेगाज्यूल ऊर्जा धाडली आणि अणुसंमीलनातून ३.१५ मेगाज्यूल बाहेर पडली, तेव्हा त्या वार्तेने जगभरची वृत्तपत्रे भरून गेली. परंतु ज्या परिश्रमांवाचून तो दिवस उगवलाच नसता, त्या प्रवर्धकांच्या, म्हणजे लेसरचा जोर वाढविणाऱ्या यंत्रांच्या, चाचण्यांविषयी क्वचितच कोणी दोन ओळी लिहिल्या. माझे स्पष्ट मत असे आहे की, मोठ्या वैज्ञानिक उपक्रमाच्या अंदाजपत्रकात सर्वांत आधी मंजूर व्हावयास हवी ती नमुना यंत्राच्या चाचणीची रक्कम, आणि काटकसरीची वेळ येताच खजिनदाराची नजर पहिल्याने वळते तीही तिच्याकडेच.

या चाचणीत काय तपासतात हे पाहिले म्हणजे तिचे महत्त्व ध्यानात येते. प्रवर्धकाचा गाभा म्हणजे निओडिमियम मिसळलेल्या फॉस्फेट काचेची, चाळीस किलोंहून अधिक वजनाची एक गुळगुळीत फळी. झेनॉन वायूने भरलेल्या लांब दिव्यांचा झोत सेकंदाच्या सहस्रांशाहूनही कमी काळ तिच्यावर पडतो, निओडिमियमचे अणू ती ऊर्जा धरून ठेवतात, आणि तेवढ्यात फळीतून जाणारी शलाका तो साठा उचलून बलवत्तर होऊन बाहेर पडते. परीक्षक मंडळी एक क्षीण शलाका काचेतून धाडतात, ती आत शिरताना आणि बाहेर येताना तिची तीव्रता मोजतात, आणि हेच मापन फळीच्या मध्यावर, कडेला आणि कोपऱ्यात चिकाटीने पुनःपुन्हा करतात. कारण मध्यभागी उत्तम ठरलेली फळी कडेला उणी पडू शकते. साठविलेली ऊर्जा काचेच्या आतल्या आत आडवी धावून वाया जाऊ नये म्हणून फळीच्या कडांना तांबे मिसळलेल्या, प्रकाश शोषून घेणाऱ्या काचेची पट्टी चिकटवावी लागते. दिव्यांच्या उष्णतेने फळी किंचित वाकली तर शलाकेचा आकार बिघडतो, म्हणून पुढील प्रयोगापूर्वी ती निवण्यासाठी कित्येक तास थांबावे लागते. पृष्ठभागावर राहिलेला धुळीचा एक कणही दिव्यांच्या झोतात जळून काचेवर कायमचा व्रण उठवितो.

असा दोष उशिरा उघडकीस आला म्हणजे काय भोगावे लागते, हे लिव्हरमोरच्याच नोव्हा या पूर्वीच्या लेसरने १९८०च्या दशकात दाखवून दिले. त्याची काच प्लॅटिनमच्या भांड्यांत वितळविलेली असल्यामुळे तिच्यात त्या धातूचे सूक्ष्म कण राहून गेले होते. पूर्ण तेजाने शलाका सोडताच ते तापून काचेला आतून तडे जाऊ लागले, यंत्र कमी शक्तीवर चालवावे लागले, आणि काच वितळविण्याची रीतच बदलून नव्या तबकड्या बसवाव्या लागल्या. म्हणूनच पुढील प्रकल्पाच्या वेळी शास्त्रज्ञांनी आधी बीमलेट नावाची पूर्ण आकाराची एकच शलाका उभारून ती १९९४ ते १९९८ या काळात कसून तपासली. तरीही प्रकल्पाची मुदत व खर्च दोन्ही मूळ अंदाजाबाहेर गेले, ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही. एका शलाकेची परीक्षा झाली होती. १९२ शलाका स्वच्छतेचे कडक नियम पाळून एकत्र जुळविण्याची झाली नव्हती. याचा अर्थ चाचणी निरुपयोगी ठरली असा काढणे मला अन्यायाचे वाटते. ती अपुरी पडली, एवढाच तो अर्थ आहे.

वाट बंद आहे हे कळणे हीदेखील मिळकतच होय. बारामतीत जन्मलेल्या आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या कुमार पटेल यांनी १९६४ साली शोधलेल्या कार्बन डायऑक्साइड लेसरचे प्रचंड प्रवर्धक लॉस अ‍ॅलामॉस येथे संमीलनासाठी उभारले गेले. परंतु त्या प्रकाशाची तरंगलांबी मोठी असल्याने शीघ्रगती इलेक्ट्रॉन निर्माण होऊन इंधन अवेळी तापते, असे प्रयोगांती सिद्ध झाले आणि तो मार्ग सोडण्यात आला. पटेल यांच्या शोधाला त्याने तिळमात्र उणेपणा आला नाही. कारखान्यांत आणि शस्त्रक्रियागृहांत तो लेसर आजही राबतो आहे.

आपल्या देशातही इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात काचेच्या शक्तिमान लेसरांवर काम झालेले आहे, म्हणून हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. अशा प्रत्येक योजनेला मंजुरी देताना नमुना यंत्र आणि त्याच्या दीर्घ चाचण्या यांची बाब सरकारने स्वतंत्र ठेवावी, ती अन्य खर्चाकडे वळविण्यास मनाई असावी, आणि तिचा निकाल प्रतिकूल आला तरी हिशेब तपासनिसाने ती रक्कम बुडीत खाती दाखवू नये. नमुना यंत्र काम संपताच अडगळीत जाते, हा आक्षेपही टिकणारा नाही. बीमलेटचे भाग न्यू मेक्सिकोतील सँडिया प्रयोगशाळेत नेण्यात आले, आणि तेथील ‘झेड’ या महायंत्रात क्षणार्धात घडणाऱ्या घटनांची क्ष-किरण चित्रे घेण्याच्या कामी तोच लेसर पुन्हा रुजू झाला.