फिरत्या घराचा पत्ता कोणता?

अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात ११९ क्रमांकाचे एक कलम आहे. उपग्रहामार्फत दूरचित्रवाणी पुरविणाऱ्या कंपन्यांनी परगावच्या वाहिन्या कोणाला द्याव्यात आणि कोणाला देऊ नयेत, याचे नियम त्यात आहेत. या रूक्ष कलमात १९९९ साली एक अनपेक्षित पाहुणा येऊन बसला. स्वयंपाकघर, बिछाना आणि न्हाणीघर घेऊन रस्त्यावर धावणारी मोटारहोम आणि लांब पल्ल्याचे मालट्रक यांना त्यात स्वतंत्र स्थान मिळाले. पुढे डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकी काँग्रेसने या कलमाची व्याप्ती फार आकुंचित केली. सामान्य घरांची सवलत काढून घेण्यात आली. फिरत्या घरांची मात्र राहिली, आणि तीही मुदतीची न राहता कायमची झाली. वॉशिंग्टनमधील लोकप्रतिनिधींना सहलीवर निघालेल्या निवृत्त दांपत्यांचा अचानक कळवळा आला, असे समजण्याचे कारण नाही. दूरचित्रवाणी घराच्या पत्त्याला बांधलेली आहे आणि या घराला पत्ताच नाही, ही अडचण कायद्याला दुसऱ्या कोणत्याही मार्गाने सोडविता आली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

ही अडचण मूठभर हौशी लोकांची नाही. मोटारहोम आणि गाडीमागे ओढून नेण्याची फिरती घरे तयार करणाऱ्या उद्योगाच्या संघटनेने २०२१ मध्ये केलेल्या पाहणीनुसार अमेरिकेत तेव्हा १ कोटी १२ लाख कुटुंबांकडे असे वाहन होते. त्यांतील बहुतेक सुटीपुरते बाहेर पडतात. काही जण मात्र राहते घर विकून बारा महिने चाकांवरच संसार करतात. मोबाइल मनोरा जेथे नाही अशा वाळवंटात, राष्ट्रीय उद्यानात किंवा पर्वतराजीत मुक्काम पडला, की बाहेरच्या जगाशी संबंध ठेवण्याचे साधन म्हणून अनेक वर्षे छपरावरची डिश हाच त्यांचा आधार होता. डायरेक्टीव्हीची सेवा १९९४ मध्ये सुरू झाली आणि डिश नेटवर्कची १९९६ मध्ये. लहान तबकडी आणि डिजिटल चित्र आल्यावर हे शक्य झाले. त्याआधीच्या अजस्र छत्र्या घेऊन कोणी प्रवासाला निघाला नसता.

तथापि शक्य होणे आणि सोपे होणे यांत अंतर आहे. दूरचित्रवाणीचे हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर असतात. पृथ्वीच्या गतीनेच ते फिरत असल्यामुळे आपल्याला ते आकाशात एका जागी खिळलेले भासतात. म्हणून घराच्या भिंतीवर डिश एकदा रोखून बसविली की काम संपते. मोटारहोमचे काम दर मुक्कामाला नव्याने सुरू होते. अमेरिकेतून पाहिले तर हे उपग्रह दक्षिणेच्या आकाशात दिसतात; फ्लोरिडात ते बरेच वर असतात, अलास्कात मात्र जवळजवळ क्षितिजाला टेकलेले असतात. तबकडीचा नेम दोन-तीन अंशांनी चुकला तरी चित्र नाहीसे होते. शिवाय सुमारे १२ गिगाहर्ट्झच्या या लहरींना ओली पाने भेदता येत नाहीत. उन्हाळ्यात प्रत्येक जण झाडाखालची जागा शोधतो आणि डिशला झाडच चालत नाही! म्हणून अनुभवी प्रवासी गाडी सावलीत उभी करतात आणि तिपाईवरची सुटी डिश लांब वायर जोडून उन्हात नेऊन ठेवतात.

ज्यांना हा खटाटोप नको त्यांच्यासाठी छपरावर बसविण्याचे घुमट निघाले. बटण दाबले की आतली तबकडी स्वतःच उपग्रह शोधून काढते. त्याहून महाग यंत्रे धावत्या गाडीतही उपग्रहावरची नजर हलू देत नाहीत. पण घुमटातील तबकडी लहान. पावसात तिचा जोर लवकर ओसरतो. त्यातच डायरेक्टीव्हीने आपल्या एचडी वाहिन्या केए बँडवरून पाठवायला सुरुवात केली आणि या घुमटांना त्या घेता येईनात. त्यासाठी उघडी, मोठी, गाडी निघण्यापूर्वी घडी करून ठेवावी लागणारी डिश घेणे भाग पडले. डिश नेटवर्कने हा ग्राहक अधिक नेमका ओळखला. घुमटात चालणारे तंत्र आणि महिन्यापुरते पैसे भरून नंतर सेवा थांबविण्याची मुभा तिने दिली. वर्षातून चार महिने रस्त्यावर असणाऱ्याला दोन वर्षांचा करार परवडत नाही, हे साधे व्यावहारिक सत्य त्यामागे होते.

येथवरची अडचण तंत्राची, आणि तंत्राने ती बरीचशी सोडविली. खरी अडचण पुढे आहे. अमेरिकेत एबीसी, सीबीएस, एनबीसी आणि फॉक्स ही मोठी नेटवर्क आपले कार्यक्रम गावोगावच्या केंद्रांमार्फत दाखवितात. देशाची अशा २१० स्थानिक बाजारपेठांत विभागणी झाली आहे. न्यूयॉर्क पहिल्या क्रमांकावर येते, तर माँटाना राज्यातील ग्लेंडाइव्ह हे चिमुकले गाव शेवटच्या. प्रत्येक केंद्राचा आपल्या प्रदेशावर हक्क असतो आणि त्या प्रदेशातल्या जाहिरातींवर ते जगते. उपग्रहाने न्यूयॉर्कची वाहिनी ग्लेंडाइव्हच्या घरात आणून सोडली तर तेथील केंद्राने जगावे कशावर, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. म्हणून १९८८ च्या कायद्याने परगावचे नेटवर्क केंद्र फक्त त्याच घरांना देऊ केले, ज्यांना साध्या अँटेनाने ते नेटवर्क दिसत नव्हते. १९९९ मध्ये कंपन्यांना स्थानिक वाहिन्या त्याच गावात उपग्रहावरून परत देण्याची परवानगी मिळाली. त्यासाठी संपूर्ण देशावर पसरणाऱ्या झोताऐवजी एखाद्या प्रदेशापुरता उतरणारा अरुंद झोत, म्हणजे स्पॉट बीम, वापरला जाऊ लागला. घरी बसलेल्याला तो वरदान ठरला. मोटारहोमवाल्याची वेगळीच पंचाईत झाली. काहीशे किलोमीटर पुढे गेले की गाडी त्या झोताबाहेर पडते. क्रीडा, चित्रपट, वृत्तवाहिन्या दिसत राहतात, पण घरच्या चार नेटवर्क वाहिन्या एकाएकी काळ्या होतात. नवीन गावाच्या वाहिन्या मिळवायच्या तर कंपनीला कळवून सेवेचा पत्ता बदलावा लागतो. आज नेब्रास्का, परवा वायोमिंग अशा प्रवासात हे किती वेळा करावे?

कलम ११९ मधील सवलत या जागी उपयोगी पडते. फिरत्या घराला त्यात ‘नेटवर्क न पोहोचणारे घर’ मानले आहे. साहजिकच त्याला एखाद्या दूरच्या शहराच्या नेटवर्क वाहिन्या देता येतात. पण अटी पाहा. वाहनाच्या नोंदणीची प्रत द्यावी लागते. डिश वाहनाला कायमची जोडलेली आहे आणि ती कोणत्याही स्थिर घरात वापरली जाणार नाही, असे सही करून लिहून द्यावे लागते. ज्या तिपाईमुळे सावलीतल्या गाडीत चित्र दिसते, ती तिपाई कायद्याच्या अक्षरात बसत नाही. कायद्याने ‘मोबाइल होम’लाही स्पष्टपणे बाहेर ठेवले आहे. ते योग्यच म्हणायचे, कारण अमेरिकेत त्या नावाची घरे एकदा जागेवर बसविली की सहसा हलत नाहीत.

या कलमाचा इतिहास मुळीच शांततेचा नाही. अपात्र घरांना दूरच्या वाहिन्या दिल्याबद्दल स्थानिक केंद्रांनी डिश नेटवर्कच्या इकोस्टार या कंपनीवर खटला भरला आणि न्यायालयाने २००६ च्या अखेरीस तिला अशा वाहिन्या देण्याचीच बंदी केली. लक्षावधी ग्राहकांचे पडदे एका दिवसात रिकामे झाले. त्यांत कागदपत्रे चोख ठेवणारे मोटारहोमवालेही भरडले गेले. २०१० च्या कायद्याने सर्व २१० बाजारपेठांत स्थानिक वाहिन्या देण्याच्या अटीवर डिशला ही वाट पुन्हा मोकळी केली. २०१९ मध्ये हीच अट सगळ्यांना लागू झाली. त्या वेळी डायरेक्टीव्ही १२ छोट्या बाजारपेठांत स्थानिक वाहिन्या देत नव्हती, आणि ग्लेंडाइव्हसारख्या गावांकडे दुर्लक्ष करणाऱ्या कंपनीला प्रवाशांची सवलत कशाला, असा कायदेमंडळाचा रोख होता.

या सगळ्या भांडणात एक प्रश्न कोणी नीट विचारलाच नाही असे वाटते. प्रवाशाला नेमकी कोणती स्थानिक वाहिनी हवी असते? कायद्याने त्याला दूरच्या शहराची वाहिनी देऊ केली. कॅन्ससच्या माळावर मुक्काम केलेल्या कुटुंबाला त्यामुळे हव्या त्या मालिका आणि रात्रीच्या राष्ट्रीय बातम्या मिळाल्या. पण स्थानिक बातम्या दिसल्या त्या न्यूयॉर्कमधल्या वाहतुकीच्या किंवा लॉस एंजेलिसमधल्या हवामानाच्या. मे महिन्यात त्या माळावर टोर्नाडो उठतो तेव्हा तयारीला मिळतात ती काही मिनिटे. त्या काळात नकाशा दाखवून सावध करणारे तेथलेच केंद्र असते, आणि मोटारहोम हा अशा वादळातील सर्वांत असुरक्षित निवारा. इशारा कौंटीच्या नावाने दिला जातो. परक्या प्रवाशाला आपण कोणत्या कौंटीत आहोत हेही पुष्कळदा ठाऊक नसते. २०१२ पासून मोबाइल फोनवर, तुम्ही असाल त्या ठिकाणानुसार इशारे येऊ लागले, तेव्हा ही उणीव बरीच भरून निघाली. परंतु ज्या निर्जन भागात मनोरे नाहीत तेथेच तर डिशची गरज असते! हवामान खात्याचा रेडिओ आणि छपरावरची साधी अँटेना ही दोन जुनी साधने या बाबतीत अधिक भरवशाची आहेत. साध्या अँटेनाला ना वर्गणी लागते ना पत्ता. प्रत्येक मुक्कामी संचाला नव्याने वाहिन्या शोधायला लावायच्या, एवढेच काम.

भारतीय वाचकाला हा सारा प्रकार चमत्कारिक वाटेल. आपल्याकडे दूरचित्रवाणीचे हक्क जिल्ह्याजिल्ह्यांत वाटलेले नाहीत. दूरदर्शनची विनाशुल्क डीटीएच सेवा २००४ च्या डिसेंबरात सुरू झाली, तिचा झोत देशभर पसरलेला आहे. खासगी कंपन्यांचेही तसेच. म्हणून इंदूर किंवा बडोद्याच्या मराठी घरात आणि सांगलीच्या घरात तीच मराठी वाहिनी दिसते. मात्र याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी लागते. सांगलीच्या पुराची घटकेघटकेची खबर देणारे, तेथल्याच जाहिरातींवर उभे असलेले पूर्ण वेळेचे दूरचित्रवाणी केंद्र या व्यवस्थेत उभे राहू शकले नाही.

अमेरिकेतील ही व्यवस्था आता कायद्यापेक्षा बाजाराने अधिक हलविली आहे. एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीने २०१५ मध्ये सुमारे ४९ अब्ज डॉलरला डायरेक्टीव्ही घेतली, तेव्हा तिचे सुमारे २ कोटी ग्राहक होते. सहाच वर्षांनी, २०२१ मध्ये, तिचे मूल्य सुमारे १६ अब्जांवर आले. रविवारच्या फुटबॉल सामन्यांचा संच १९९४ पासून डायरेक्टीव्हीकडे होता. मैदानाबाहेर मोटारहोम लावून डिश उभारणाऱ्या रसिकांसाठी तेच मोठे आकर्षण. २०२३ च्या हंगामापासून तो यूट्यूबकडे गेला. डिशकडे २०२४ च्या अखेरीस उपग्रह सेवेचे ६० लाखांपेक्षाही कमी ग्राहक उरले. या दोन कंपन्यांचे विलीनीकरण २००२ मध्ये सरकारी नियामकाने मक्तेदारीच्या भीतीने रोखले होते. २०२४ मध्ये ते पुन्हा ठरले आणि या वेळी डिशच्या रोखेधारकांनी नकार दिल्यामुळे फिसकटले. मक्तेदारीची भीती आता पूर्वीइतकी कोणी घालत नव्हते, हे पुरेसे बोलके आहे.

मोटारहोमच्या छपरावर आता स्टारलिंकची चपटी पाटी दिसते. मे २०२२ मध्ये या कंपनीने खास फिरत्या घरांसाठी योजना काढली. सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरून धावणाऱ्या हजारो उपग्रहांमार्फत इंटरनेट येते आणि त्यावरून दूरचित्रवाणी. एका ठिकाणी नेम धरण्याची कटकट त्यात नाही, परंतु आकाशाचा बराच मोठा भाग मोकळा लागतो. झाडाचे वैर तेथेही आहेच. एक फरक मात्र मूलभूत आहे. जुना उपग्रह एकच चित्र सर्वांवर शिंपडतो. अॅरिझोनातील क्वार्ट्झसाइट येथे दर जानेवारीत फिरत्या घरांची प्रचंड जत्रा भरते. तेथे हजारो डिश लागल्या तरी उपग्रहावर कणभर भार वाढत नाही. इंटरनेटवर प्रत्येक प्रेक्षकाला त्याचे स्वतंत्र चित्र धाडावे लागते. एकाच माळावर हजार पाट्यांनी एकच सामना लावला की गती मंदावणे क्रमप्राप्त आहे. वर वापराची मोजदाद होते ती निराळीच.

पत्त्याचा प्रश्नही इंटरनेटने सुटलेला नाही. थेट वाहिन्या देणाऱ्या सेवा ‘घरचा प्रदेश’ विचारतात आणि यंत्र कोठे आहे ते तपासतात. नेटफ्लिक्सने २०२३ मध्ये एका खात्याला एक घर ही मर्यादा अमेरिकेत लागू केली, तेव्हा घर म्हणजे काय हा वाद मोटारहोममध्येही पोहोचला. बारा महिने फिरणारे अनेक जण टपाल सांभाळणाऱ्या संस्थेचा दक्षिण डाकोटातील पत्ता आपला म्हणून लावतात. त्या राज्याने २०२३ मध्ये मतदार नोंदणीसाठी ३० दिवसांच्या प्रत्यक्ष वास्तव्याची अट घातली. वाहिनीपुरता भासणारा हा प्रश्न मतपेटीपर्यंत जातो तो असा.

सप्टेंबर २०२५ मध्ये इकोस्टारने स्टारलिंकच्या स्पेसएक्स कंपनीला आपल्या मोबाइल लहरींचा मोठा हिस्सा सुमारे १७ अब्ज डॉलरला विकण्याचे मान्य केले. डायरेक्टीव्हीने २०१९ च्या जूनमध्ये टी-१६ हा उपग्रह सोडला. त्याआधीच, २०१८ मध्ये, यापुढे नवे उपग्रह घेणार नसल्याचे तिच्या तेव्हाच्या मालकांनी जाहीर केले होते. अशा उपग्रहाचे आयुष्य साधारण १५ वर्षे धरतात. कलम ११९ मधील मोटारहोमच्या सवलतीला आता मुदत नाही.