पहिली चाल कोणाची?

एप्रिल २०२५ मध्ये आपल्या पुण्यात ‘फिडे’च्या महिला ग्रां प्री मालिकेतील स्पर्धा झाली. १० खेळाडू, ९ फेऱ्या. अखेरच्या फेरीत कोनेरू हम्पी यांनी पांढऱ्या मोहऱ्यांनिशी बल्गेरियाच्या नुरग्युल सालिमोवा यांच्यावर मात केली. चीनच्या झू जिनेर यांचेही हम्पींइतकेच, ७ गुण झाले आणि सरस टायब्रेकवर हम्पी विजेत्या ठरल्या. त्या दिवशी अर्धा गुण निसटता, तर अजिंक्यपदही निसटले असते. नागपूरची दिव्या देशमुख तिसरी आली. जुलैमध्ये बाटुमी येथे विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तिने हम्पींनाच हरवले, हे सर्वांना स्मरत असेल.

पांढरी मोहरी म्हणजे पहिल्या चालीचा मान. हा लाभ लहान असला तरी खरा आहे. म्हणूनच साखळी स्पर्धेत रंग वाटून दिले जातात. ९ फेऱ्यांत कोणाला ५ वेळा पांढरी मोहरी येतात, तर कोणाला ४ वेळा. समाजाच्या पटावर असा नियम कधीच नव्हता. आमच्या आजोबांच्या हाती पाटी आली, तेव्हा समोरच्याच्या कितीतरी चाली होऊन गेल्या होत्या.

दहावीच्या वर्षी वसतिगृहातील बुद्धिबळाचे पट कुलपात ठेवावेत, असे काही पालक सुचवतात. त्यांची काळजी आम्ही जाणतो. एका गुणासाठी प्रवेश हुकतो, हे आम्हीही भोगले आहे. तरीही ही सूचना आम्हास मान्य नाही. स्पर्धेत प्रत्येक चाल खेळाडूला स्वतःच्या हाताने लिहावी लागते. हरलेल्या मुलाची चूक त्याच्याच अक्षरात कागदावर उरते. तो कागद घेऊन रात्री दोन मुले पटावर वाकलेली आम्ही पाहिली आहेत. कोणत्या शिकवणीत हे मिळते? (शिकवणीचे शुल्क किती, ते पालकांनीच सांगावे.)

अडचण वेगळीच आहे. स्पर्धेचे प्रवेशशुल्क, जाण्यायेण्याचा खर्च आणि सोबत जाणारा एक शिक्षक एवढ्यावर आमची मुले अडतात. शहरातील स्पर्धेलाही ती प्रेक्षक म्हणूनच जातात. माजी विद्यार्थ्यांनी या स्मरणिकेला जाहिराती दिल्या, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. पुढच्या वर्षी त्यांतील काही रक्कम ४ मुलांच्या प्रवेशशुल्कासाठी बाजूला काढावी, आणि त्या चौघांत निदान २ मुली असाव्यात.