माहीत होतं, पण कुणाचा कायदा?

१९६८च्या पावसाळ्यात मालाड, गोरेगाव, कांदिवलीच्या झोपड्यांतली माणसं रात्रभर जागी राहत. उकाड्यातही बाहेर बाज टाकायची कुणाची हिंमत नव्हती. ऑगस्टअखेर रमन राघव डोंगरीत सापडला आणि पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णींच्या पथकापुढे त्याने झोपलेल्या माणसांचे कितीतरी खून कबूल केले.

खरा पेच त्यानंतरचा. सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तीन मनोविकारतज्ज्ञांकडून त्याला तपासून घेतलं. स्किझोफ्रेनिया, तोही बरा न होणारा. आपण खून करतोय हे त्याला कळत होतं. पण त्याच्या लेखी तो पाळत असलेला ‘कानून’च खरा होता. शिक्षा जन्मठेपेवर आली. १९९५मध्ये तो कैदी म्हणूनच वारला.

मनोविकारग्रस्त आरोपीबाबतचं दंडसंहितेचं कलम ८४, आता न्याय संहितेचं कलम २२, एवढंच विचारतं: कृत्य काय आहे, ते चूक वा बेकायदेशीर आहे, हे त्या क्षणी कळत होतं का? स्वतःला आवरता येत होतं का, हे विचारतच नाही. आम्हाला ही चौकट तोकडी वाटते. २०१९मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षेनंतरच्या गंभीर मनोविकारामुळेही फाशी रद्द केली, ते योग्यच झालं.

मात्र मनोरुग्ण म्हणजे खुनी, हे समीकरण (सिनेमावाल्यांचं लाडकं) आम्हाला मान्य नाही. बहुतेक मनोरुग्ण कुणाच्या वाटेला जात नाहीत. या अंकात घाटकोपर-मुलुंडच्या घरांतून त्यांना सांभाळणाऱ्यांविषयी लिहिलं आहे.