सुट्टीतल्या फोटोंची नोंद गावच्या दप्तरी व्हावी

दिवाळीची सुट्टी लागली की भिगवण, डिकसळ, कुंभारगावच्या वाटेला शहरातल्या गाड्या दिसू लागतात. भीमा नदीवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या फुगवट्याचे पाणी जसजसे ओसरते तसतसा गाळ उघडा पडतो आणि त्यावर चरायला पाखरांचे थवे उतरतात. हिवाळ्यात पट्टकादंब हिमालय ओलांडून येतात. पुढे पाणी आणखी हटले की रोहित, म्हणजे फ्लेमिंगो येतात. पाहुणे होडीत बसतात, भराभर फोटो काढतात, जेवण आटोपून संध्याकाळी परततात. नावाड्याला आणि खाणावळवाल्याला चार पैसे मिळतात, हे चांगलेच आहे. प्रश्न एवढाच की फोटो पुण्या-मुंबईला गेला, गावाजवळ काय राहिलं?

निदान नोंद तरी राहायला हवी. जैवविविधता कायदा २००२ सालचा आहे. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि तिच्याकडे लोक जैवविविधता नोंदवही असली पाहिजे. पुष्कळ ठिकाणी २०२० सालच्या मुदतीच्या धाकाने ती घाईघाईत उरकली गेली. कपाटातून काढून बघा. पक्ष्यांच्या पानावर कावळा, चिमणी, मोर, पोपट आणि खाली गोल शिक्का, अशी वही निघाली तर नवल वाटायला नको. रोज नांगरामागे चालणारा गायबगळासुद्धा तिच्यात नसतो. आणि इकडे सुट्टीला आलेल्या भाच्याच्या मोबाईलमध्ये आपल्याच शिवारातल्या वीस पाखरांचे फोटो असतात!

फोटो देखणा असायची गरज नाही. ओळख पटण्यापुरता असला की झाले. चोच, पाय, पाठ आणि उडताना पंखाखालचा रंग, यातलं काही तरी स्वच्छ दिसलं पाहिजे. पांढरा बगळा बघितला की आपण नुसता 'बगळा' म्हणून मोकळे होतो. पण पिवळ्या चोचीचा, गुरांच्या पायात घोटाळणारा गायबगळा निराळा आणि काळी चोच, काळे पाय पण पंजे तेवढे पिवळे, असा छोटा बगळा निराळा. पहिला शेतातले किडे-नाकतोडे खातो, दुसऱ्याचं पोट बहुतेक पाण्यातल्या मासळीवर. फोटोत पाय गवतात गेले की ओळखीचा एक धागा तुटलाच. रोहितांतही दोन जाती आहेत. मोठ्याची चोच गुलाबी आणि टोकाला काळी, धाकट्याची सगळीच गडद. हळदीकुंकू बदकाचं तर नावच ओळख सांगतं. चोचीच्या टोकाला हळद, बुडाला कुंकू. हे नाव ज्या कुणा बाईमाणसाने पहिल्यांदा ठेवलं असेल तिला दुर्बीण लागली नव्हती.

शेतकऱ्याला याचा काय उपयोग, असे कुणी विचारील. हरभऱ्यात घाटेअळीसाठी एकरी २० पक्षीथांबे लावा, असे आम्ही बैठकीत सांगतो तेव्हा हटकून प्रश्न येतो, "साहेब, पाखरं हाकलायची का बोलवायची?" प्रश्न रास्त आहे. कोतवाल, साळुंकी, गायबगळा आले तर बसू द्यायचे. ज्वारी-बाजरीत दाणा भरू लागला की तेच थांबे काढून टाकायचे. कापशी घार हवेत एका जागी फडफडताना दिसली तर ती उंदीर हेरते आहे. फोटोत पाखराच्या चोचीत अळी स्पष्ट दिसली तर आमच्या तासाभराच्या भाषणापेक्षा तो फोटो जास्त काम करतो.

भोरड्यांचं मात्र अवघड आहे. संध्याकाळी हजारोंचा थवा आभाळात वळसे घेतो, पाहुणा हरखून फोटो घेतो आणि त्याच थव्यासाठी ज्वारीचा धनी माळ्यावर उभा राहून गोफण फिरवतो. दोघेही खरे. ही पाखरं मध्य आशियाकडून येतात. दाणे खातात तसे टोळ-नाकतोडेही खातात. ती गावात कोणत्या तारखेला आली, किती दिवस टिकली, ज्वारी तेव्हा कोणत्या अवस्थेत होती, हे चार वर्षं लिहून ठेवलं तर पेरणी पुढं-मागं करण्याचा विचार तरी करता येईल. आज सगळं आठवणीवर चाललंय.

आता पाहुण्यांना दोन गोष्टी रोखठोक सांगितल्या पाहिजेत, आणि त्या गावानेच सांगाव्यात. थवा उडतानाचा फोटो हवा म्हणून होडी अंगावर घालायची नाही. ही पाखरं परतीच्या प्रवासासाठी चरबी साठवत असतात. पुन्हा पुन्हा उठवलं की चरायचं राहतं आणि अंगातली ताकद फुकट जाते. दुसरं, उन्हाळ्याच्या सुट्टीत घरट्यापाशी जायचं नाही. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, नदी सुरय पाण्यातल्या वाळूच्या उंचवट्यावर. फोटोवाला अर्धा तास जवळ बसला की आई उठते, अंडी उन्हात भाजतात, नाही तर कावळा टपलेलाच असतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अंडी-घरट्यांना उपद्रव देणे हे शिकारीच्याच व्याख्येत येते. फोटोसाठी उभ्या पिकातून बांध तुडवत जाणाऱ्यांना काय सांगायचं ते शेतकरी बांधवांना मी शिकवायला नको.

राज्यात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. ५ तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची, १२ तारीख सलीम अलींच्या. बऱ्याच वर्षी हे दिवस दिवाळीच्या सुट्टीला लागूनच येतात. शहरातली पोरं तेव्हा गावातच असतात, मोबाईलही हातातच असतो. तारीख फोटोवर आपोआप येते. जागा तेवढी, ओढा, माळ की गट नंबर, विचारून लिहावी लागेल. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (म्हणजे आपले ग्रामसेवकच) यांनी एक दिवस शाळेत वही उघडून बसावं. फोटो आधी गावातल्या म्हाताऱ्या माणसांना दाखवावेत, ते सांगतील ते नाव पहिल्यांदा लिहावं. पुस्तकातलं नाव गुरुजी शेजारी घालतील. ज्याचं नाव सांगता येत नाही त्या फोटोपुढे जागा कोरी सोडावी, अंदाजाने भरू नये. हे जमलं तर २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ते पान वाचून दाखवता येईल.