आजोबांचे नाव कोणत्या कागदावर आहे?

सदर : दप्तर आणि आपण



बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमध्ये एक प्रश्न घरोघर फिरू लागतो. मुलाला मार्क चांगले पडलेले असतात. कॉलेजही मिळते. मग तिथला कारकून विचारतो, जात वैधता प्रमाणपत्र कुठे आहे? तेव्हा घरात धावपळ सुरू होते. पेटी उघडली जाते, गावाकडे फोन जातात, आणि कधी नव्हे ते सगळे घर आजोबांच्या वडिलांचे नाव आठवू लागते.

आमच्या मंडळाकडे दर पावसाळ्यात अशी दहा-पंधरा मुले येतात. त्यांना मी पहिला प्रश्न एकच विचारतो. पणजोबांचे नाव काय? बहुतेक जण बापाकडे बघतात आणि बाप खाली बघतो. यात लाजण्यासारखे काही नाही. ज्यांच्या घरात लिहिता येणारा माणूस दोन पिढ्यांपूर्वी पहिल्यांदा झाला, त्यांच्याकडे वंशावळीच्या वह्या कुठून असणार? पण आता आपली मुले लिहिणारी आहेत. हे काम आता त्यांनीच हाती घेतले पाहिजे.

काही जण रागाने विचारतात, "आम्ही १९५६ साली जात टाकली. मग आज पुन्हा महार होतो म्हणून पुरावा कशाला द्यायचा?" प्रश्न बरोबर आहे. पण कायद्याचे उत्तरही समजून घेतले पाहिजे. अनुसूचित जातींची यादी १० ऑगस्ट १९५० च्या आदेशाने झाली. त्यात सुरुवातीला फक्त हिंदू धर्मातील जातींचा समावेश होता. १९५६ मध्ये शीख आले. बौद्धांना केंद्रात तो हक्क मिळायला १९९० साल उजाडावे लागले. आपल्या राज्यात सवलती त्याआधीपासून होत्या, पण केंद्राच्या नोकऱ्यांत आपल्या एका पिढीचे नुकसान झाले ते झालेच. हा हक्क मिळतो तो धर्मांतरापूर्वीच्या जातीवरून. ती जात सिद्ध करण्याची जबाबदारी २००० च्या महाराष्ट्र अधिनियमाप्रमाणे अर्जदारावर आहे. समितीने आपल्याला खोटे ठरवायचे नसते, आपणच खरे आहोत हे दाखवायचे असते. म्हणून १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वडिलांकडील नातेवाइकाचा पुरावा आणि त्या नातेवाइकापासून मुलापर्यंत जोडणारी वंशावळ, या दोन गोष्टी लागतात. वंशावळीचे शपथपत्र वेगळे करावे लागते. पण नुसते शपथपत्र म्हणजे पुरावा नव्हे, त्यातील प्रत्येक नावामागे कागद हवा.

अडचण नेमकी इथे येते. १९५६ नंतर ज्यांची नावे शाळेत घातली गेली, त्यांच्या दाखल्यावर अभिमानाने 'बौद्ध' एवढेच लिहिलेले असते. ते योग्यच होते. पण त्यामुळे दाखल्यावरून जात दिसत नाही. आणि त्याआधीची पिढी शाळेत गेलेलीच नसते. दोन्हींच्या मध्ये आपला मुलगा अडकतो.

गेल्या काही वर्षांतले एक उदाहरण सांगतो. मुलगा मुंबईत वाढलेला, मूळ गाव सातारा जिल्ह्यातले. आजोबा गिरणीत लागले ते निरक्षर. वडिलांचा जन्म १९६४ चा, शाळा मुंबईची, दाखल्यावर 'बौद्ध'. मुलाला इंजिनिअरिंगला जागा मिळाली आणि वैधतेसाठी मुदत मिळाली. चुलत्याच्या मुलाकडे वैधता प्रमाणपत्र होते. पण गावच्या घरजागेवरून दोन घरांत बारा वर्षे बोलणे नव्हते. चुलते म्हणाले, "तुमचा आमचा काय संबंध?" भांडण दोन गुंठ्यांचे, आणि जात होते पोराचे वर्ष.

आम्ही त्याला गावी पाठवले. तिथे नव्वदीच्या घरातली एक आजी होती. तिला तारखा माहीत नव्हत्या, पण माणसे माहीत होती. तिने तीन भाऊ, त्यांचा बाप आणि बापाचा बाप अशी पाच नावे सांगितली. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात गावचे जन्म-मृत्यूचे रजिस्टर होते. त्यात १९३१ सालची आजोबांच्या धाकट्या भावाच्या जन्माची नोंद निघाली. अक्षर मोडी. एका निवृत्त गृहस्थांनी ती वाचून दिली. बापाच्या नावाच्या जागी होते 'येश्या' आणि जातीच्या जागी 'महार'. मुलगा हिरमुसला. म्हणाला, आमच्या पणजोबांचे नाव तर येसाजी. आजीला फोन लावला तर ती म्हणाली, "रजिस्टरात येश्या लिवलंय, पर माणूस येसाजी व्हता. आमच्या लोकांस्नी कोण जी लावत हुतं?"

मग फेरफार शोधला. १९४८ साली येसाजी वारल्यावर वतनाच्या जमिनीला वारस लागले होते. तिथे तिन्ही भावांची नावे ओळीने होती. मुलाचे आजोबा पहिले, चुलत्यांचे वडील दुसरे, आणि जन्माची नोंद मिळालेला धाकटा तिसरा. वर स्पष्ट लिहिलेले, महार वतन. ती नक्कल घेऊन मुलगा चुलत्यांच्या दारात गेला. चुलते काही बोलले नाहीत. चुलती आत गेली आणि वैधता प्रमाणपत्राची झेरॉक्स आणून तिने त्याच्या हातात ठेवली. मुलाला मुदतीत प्रमाणपत्र मिळाले. घरजागेचे भांडण अजून मिटलेले नाही, पण मुलगा कॉलेजात आहे.

या उदाहरणातून काय घ्यायचे ते सांगतो.

पहिले म्हणजे, म्हाताऱ्या माणसांकडे आधी जा, कचेरीत नंतर. मुलांनी एक दोनशे पानी वही घ्यावी. आजी, आत्या, मोठी चुलती यांना बसवून विचारावे. बायकांना नाती अधिक पक्की ठाऊक असतात. साल विचारू नका, प्रसंग विचारा. बाबासाहेबांनी दीक्षा दिली तेव्हा तुम्ही केवढ्या होता? कोयनेचा भूकंप झाला तेव्हा कडेवर कोण होते? ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला कोण कोण गेले? १९५६, १९६७, १९७२ अशी साले आपोआप लागत जातात. जुन्या लग्नपत्रिका आणि पुण्यानुमोदनाच्या पत्रिका फेकू नका. त्यावर खाली छापलेली भावकीची नावे म्हणजे तयार वंशावळ असते. मुंबईच्या गावमंडळांच्या वर्गणीच्या वह्यांतही घरोघरची नावे असतात. हे काही सरकारी पुरावे नव्हेत, पण कोणता कागद शोधायचा हे त्यावरून कळते.

दुसरे म्हणजे, घराण्यात पहिल्यांदा शाळेत कोण गेले ते शोधा. तो आपला सख्खा आजोबाच असला पाहिजे असे नाही. आजोबांचा भाऊ किंवा चुलत आजोबा चालतात, मात्र ते वडिलांकडचे रक्ताचे नाते हवे. जुन्या लोकल बोर्डाच्या शाळा पुढे जिल्हा परिषदांकडे आल्या. त्यांची जनरल रजिस्टरे अनेक गावांत शाळेच्या कपाटात अजून आहेत. नुसता दाखला मागू नका, रजिस्टरचा उतारा मागा. विदर्भात याच रजिस्टराला दाखल-खारीज म्हणतात.

तिसरे म्हणजे महसुली दप्तर. गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. गाव नमुना ६ म्हणजे फेरफार. आणि आपल्या दृष्टीने फार महत्त्वाची ती वतनाची कागदपत्रे. १८७४ च्या वतन कायद्याखाली वतनदारांची आणि त्यांच्या वारसांची नोंद ठेवली जात असे. ज्या महार वतनाने आपल्या माणसांना रात्रंदिवस राबवले, जे मोडावे म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल आणले, आणि जे १९५८ च्या कायद्याने अखेर गेले, त्याच वतनाच्या दप्तरात आज आपल्या खापरपणजोबांचे नाव सापडते. मराठवाड्यात जुने दप्तर उर्दूतही असते, तिथे वाचणारा माणूस आधी शोधून ठेवावा. कचेरीत कोणी दाद देत नसेल तर २००५ च्या माहिती अधिकाराखाली दप्तर पाहण्याची मागणी करता येते.

जुने कागद वाचताना काही शब्द लक्षात ठेवा. 'बिन' किंवा 'वलद' म्हणजे अमक्याचा मुलगा. 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. आडनाव बहुधा नसतेच, गाव आणि बापाचे नाव एवढ्यावरच माणूस ओळखायचा. फार मागे गेलात तर नावाला 'नाक' लागलेले दिसेल. कोरेगावच्या स्तंभावर जी ४९ नावे आहेत, त्यातली २२ अशी 'नाक' शेवट असलेली आहेत. पुढे तो 'नाक' गेला आणि कागदावर 'येश्या', 'धोंड्या', 'सख्या' आले. आडनावाचेही तसेच. एक भाऊ कुळाचे आडनाव लावतो, दुसऱ्याला मास्तर गावावरून आडनाव लावतो. खुद्द बाबासाहेबांचे घराणे सकपाळ. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे गाव, त्यावरून आडनाव झाले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत नाव नोंदले गेले ते 'भिवा रामजी आंबेडकर'. तेव्हा दोन सख्ख्या भावांची आडनावे वेगळी दिसली म्हणून घाबरू नका. बापाचे नाव, गाव आणि जमिनीचा सर्व्हे नंबर या तीन गोष्टी जुळवून दाखवा.

चौथी गोष्ट भावकीची. वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाला रीतसर चौकशी होऊन वैधता मिळाली असेल आणि त्यात फसवणूक नसेल, तर त्याच आधारावर पुढच्या माणसाला ती मिळावी, असा मुंबई उच्च न्यायालयाचा २०१० चा निर्णय आहे. म्हणजे एका घरात एकाने कष्ट केले की सगळ्या भावकीची वाट सोपी होते. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. बांधाचे, घरजागेचे, मानपानाचे जे भांडण असेल ते असू द्या, पण वैधतेचा कागद अडवू नका. तो कागद देऊन आपले काही कमी होत नाही. न दिल्याने मात्र एका मुलाचे वर्ष जाते, आणि कधी कधी तो मुलगा पुन्हा शाळा-कॉलेजाकडे फिरकतच नाही. शक्य असेल तर प्रत्येक भावकीने सगळ्या कागदांच्या नकलांची एक फाईल करून एका जाणत्या घरी ठेवावी.

आणि दलालांपासून सावध राहा. "पाच हजार द्या, १९४० चा दाखला आणून देतो" असे सांगणारे कचेऱ्यांच्या आवारात उभे असतात. दक्षता पथक शाळेत जाऊन मूळ रजिस्टर पाहते. खाडाखोड किंवा वेगळी शाई लपत नाही. खोट्या प्रमाणपत्राला कैदेची शिक्षा आहे. शिवाय एकदा खोटा कागद जोडला की खऱ्या कागदांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

शेवटी एक वेगळी गोष्ट तरुणांना सांगायची आहे. वंशावळ लिहायला बसलात की तुम्हाला कुळी, पोटजाती, सोमवंशी की लाडवण, असले शब्दही ऐकू येतील. काही घरी लग्न जमवताना हे अजून हळू आवाजात विचारले जाते. आपण वंशावळ लिहितो ती हक्कासाठी आणि आपल्या माणसांची आठवण राहावी म्हणून. सोयरीक नाकारण्यासाठी ती वापरली तर नागपूरला घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांना अर्थ उरणार नाही.

वंशावळीच्या कागदावर सरकारला फक्त पुरुषांची नावे पुरतात. आपल्या घरच्या वहीत मात्र आजीचे, पणजीचे नाव आणि त्यांचे माहेर लिहा. ज्या बाईने दळण दळून पोर शाळेत घातले तिचे नाव दप्तरात 'कोम' म्हणून तरी असते. आपल्या वहीत ते तिचे स्वतःचे म्हणून असावे.

वही पूर्ण झाली की ती नीट वाचून पाहा. वरच्या ओळींत येश्या, धोंड्या, कचऱ्या अशी नावे असतील. १९५६ च्या पुढे सिद्धार्थ, गौतम, मिलिंद, सुजाता सुरू होतात. ते धर्मांतर ज्यांनी पाहिले ती माणसे आता थोडी उरली आहेत. येत्या सुट्टीत गावी जाल तेव्हा वही बरोबर न्या, आणि कचेरी उघडायच्या आधी त्यांच्याजवळ जाऊन बसा.

जयभीम.